देशमाने सरांचे उपग्रह

सकाळी तोंड धुवायच्या आधी आकाशात उपग्रह सोडणारा माणूस अख्ख्या सांगलीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या माडीवर भाड्याने राहायला यावा, हे माझं नशीब.

देशमाने सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांचे उपग्रह कॉम्प्युटरच्या पडद्यावर फिरत. खाली चालणारा एक माणूस, हातात फोन. वरचा एक उपग्रह डोंगराआड मावळला की दुसऱ्याने तो फोन झेलायचा, बोलणं तुटता कामा नये. "सगळं खोटं, पण गणित खरं," हे सरांचं पालुपद. या खेळावर त्यांना पीएचडी मिळायची होती.

खाली माझा एसटीडी बूथ. ती लाइन मिळवायला मी टेलिफोन कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, दोन साहेबांशी भांडलो. आणि हे गृहस्थ गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर सांगायचे, "बापू, आता फोन खिशात येणार, थेट उपग्रहावरून. तुम्ही बूथात पानपट्टी घाला." रोज. हसतमुखाने. भाडं ठरवतानाही यांनी मी सांगितलेला पहिलाच आकडा मान्य केला होता. ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही, त्याच्याशी माणसाने भांडावं तरी कसं?

एकदा त्यांच्या यंत्रापायी फ्यूज उडाला. नवा बसवून मी तणतणत वर गेलो. सर कपाळाला हात लावून बसलेले. सोमवारी पुण्याहून परीक्षक यायचे होते आणि पडद्यावरचा फोन एका जागी हटकून तुटत होता.

"एवढा हळू कोण चालतोय हा?" मी पडद्यावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवून विचारलं.

"डोक्यावर वैरण हाय. ओढ्याला आली की दोन्ही अंगांनी डोंगर. आभाळच दिसत न्हाई."

"मग वर सरकवा की शंभर पावलं."

"वर ती जात न्हाई."

"ती कोण?"

"आई. मेढ्याच्या वर आमची वाडी. तिथं फोन न्हाई."

पुस्तकासारखं बोलणारा हा माणूस पहिल्यांदाच घरचं बोलत होता.

मी सौद्याला बसलो. शंभर नको, पन्नास. पन्नास नको, बांधापर्यंत तरी. खोट्या जगात म्हातारीला चार पावलं चढवायला काय जातंय? परीक्षकाला कुठं ठाऊक हाय तुमचा ओढा?

"आवं बापू, हितं सरकवली म्हणून ती तिथं सरकती व्हय? उद्या खरा फोन निघाला, तर तिच्याच हातात मुका राहायचा."

भल्याभल्यांना मी वाकवलंय. इथं एक पाऊल सुटलं नाही.

सोमवारी परीक्षक आले. फोन ओढ्याला तुटला. पडद्यावरचा माणूस शिरवळच्या मोकळ्या हायवेवर ट्रकात बसवा आणि पुढच्या वर्षी या, असा मोलाचा सल्ला देऊन ते जेवायला गेले.

संध्याकाळी मी वर गेलो. समजूत घालायला नव्हे, घरमालक म्हणून. पडद्यावरचा ठिपका ओढ्यापाशी थांबला होता.

"बंद पडलं व्हय?"

"न्हाई. भारा उतरवून पाणी पिती ती हितं. तेवढा वेळ धरलाय मी."

सर पडद्याकडे बघत राहिले. मी खुर्ची ओढली आणि म्हातारी उठेपर्यंत बसून राहिलो.