मुंगसाने मांडलेली सापांची बाजू

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. तिथे दरवर्षी विद्यार्थ्यांची परिषद भरे. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची आणि जी जमात निघेल तिच्या वतीने भूमिकापत्र लिहून आणायचं. यंदाचा प्रश्न होता, तळ्याचा काठ दगडांनी बांधावा का?

झिपरी नावाच्या मुंगसाच्या पोरीला चिठ्ठी आली सापांची.

"बदलून घे," आई म्हणाली. "आपलं नि त्यांचं कसं आहे, ठाऊक आहे ना?"

झिपरीने बदलली नाही. तीन दिवस वाचनालय पालथं घातलं. सापांवर पुस्तकं पुष्कळ होती. सगळी मुंगसांनी लिहिलेली.

शेवटी ती तळ्याकाठच्या धामणीकडे गेली. दहा हात लांब उभी राहिली.

"मावशी, खायला नाही आले. विचारायला आलेय. काठाबद्दल तुमचं म्हणणं काय?"

धामण भेगेतून अर्धी बाहेर आली.

"हे आजवर कुणी विचारलं नाही गं," ती म्हणाली. "काठाच्या भेगांत आमची अंडी असतात. दगड बसवले की संपलं."

झिपरीने तेवढंच लिहिलं. एक पान झालं.

परिषदेत माकडाच्या लेकाने माशांच्या वतीने अकरा पानं वाचली. त्यात 'तीव्र चिंता' चौदा वेळा आली. माशांना झाडांवर समान जागा मिळावी, अशी मागणीही आली. टाळ्या थांबेनात. परीक्षक बगळेसर. माशांचा विषय निघाला की त्यांना भरूनच येई.

मग झिपरीने आपलं पान वाचलं.

"संदर्भ?" सरांनी विचारलं.

"सर, मी स्वतः जाऊन विचारलं."

"म्हणजे संदर्भ नाहीत." सरांनी शून्य मांडलं.

ढाल माकडाला मिळाली. काठ बांधायचा ठरावही मंजूर झाला. विरोधात एकच हात वर होता.

झिपरी तशीच धावत तळ्यावर गेली.

"मावशी, हरले मी. उद्या सकाळी दगड येतायत. अंडी आत्ताच हलवायला हवीत."

"कशी हलवू? मला हात आहेत का?"

"मला तोंड आहे," झिपरी म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

धामणीने तिच्या दातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती भेगेपासून बाजूला सरकली.

दिवस मावळेपर्यंत बाराच्या बारा अंडी वारुळात पोचली. एकालाही ओरखडा नव्हता.

तात्पर्य : ज्याच्या वतीने बोलायचं, त्याला चुकूनही भेटू नये. भूमिका एका पानात आटोपते, ढाल हातची जाते, आणि वर ओझी वाहावी लागतात.