चिंचेचे वैरी अण्णा

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी तिथली फुलदाणी उलटी करतात. बुडावर कारागिराची सही आहे का, ते त्यांना पाहायचं असतं. आत पाणी आहे, हे मागाहून लक्षात येतं. आम्ही बंगळूरच्या मल्लेश्वरमला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याच दिवशी आमचा सोफा असा भिजला. "सही नाही," अण्णा खिन्नपणे म्हणाले. मी टॉवेल दिला, तर त्यांनी त्यानं स्वतःचा चष्मा पुसला.

अण्णा म्हणजे मानाजीराव. घराणं मराठी, पण तीनेकशे वर्षं कर्नाटकात मुरलेलं. जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात नक्षी काढली आणि जीव लावला एका जपानी ब्राँझच्या फुलदाणीवर. आजोबांनी ती छावणीतल्या कुणा इंग्रज साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेली. काळपट तपकिरी अंग, एका कडेला लव्हाळ्यात उभा बगळा आणि बाकी सगळं मोकळं.

त्या मोकळ्या जागेवर अण्णा तासभर बोलतात. "साहेबाला आधी काय येत होतं ओ ताई? इकडं एक वेल, तिकडं एक वेल, मधी गुलाब! जपानी फुलदाण्या तिकडच्या प्रदर्शनांत गेल्या, तवा डोळे उघडले त्याचे. मग चहाच्या किटलीवर बगळा, भिंतीच्या कागदावर बांबू, सगळं एका कडेला. स्वल्प मोकळं सोडावं, हे तो जपान्याकडून शिकला." हे 'स्वल्प मोकळं सोडा' ते माझ्या रांगोळीलाही सांगतात आणि माझ्या नवऱ्याच्या ताटालाही.

चिंच मात्र त्यांची वैरीण. ब्राँझवर वर्षानुवर्षं चढलेला काळा रंग चिंचेनं मिनिटात उतरतो. त्यांच्या बैठकीत पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, खायलासुद्धा बंदी. आणि हेच अण्णा दर शुक्रवारी आमच्याकडून लिंबाएवढी चिंच नेत. "सारासाठी," म्हणत. दोन्ही वेळचा डबा बाहेरून येणारा माणूस सार कधी करतो, हे मी कधी विचारलं नाही.

फुलदाणी एकदा प्रदर्शनात काचेमागं ठेवलेली पाहायची, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा. गेल्या महिन्यात तो योग आला. एका संग्रहालयातल्या बाई फुलदाणी बघायला येणार होत्या. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मलाही बोलावलं.

बाईंनी फुलदाणी फिरवली. कायम भिंतीकडं असणाऱ्या बाजूला तळहाताएवढा पिवळाधमक पट्टा होता. मीही तो पहिल्यांदाच पाहिला.

"हे कुणी घासलं?"

"बायकोनं. वरमहालक्ष्मीच्या सणाला. नऊ वर्षं झाली."

"मग एव्हाना आपोआप काळवंडायला हवं होतं," बाई बुचकळ्यात पडल्या. "असू दे. आम्ही रंग पूर्ववत करून घेऊ, मगच मांडू."

अण्णांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. "सरी, बरं," ते म्हणाले. "मग राहू दे."

बाई गेल्या. अण्णांनी फुलदाणीचा पट्टा परत भिंतीकडं वळवला.

"लई ओरडलो ओ मी तिच्यावर. तिनं चिंच खाली ठेवली, हात धुतले आणि मलाच कॉफी आणून दिली. पुढच्या महिन्यात गेलीच. एवढाच हात फिरलाय तिचा."

मला ते सगळे शुक्रवार आठवले आणि रडू आलं.

या शुक्रवारी मीच चिंच भिजवली आणि वाटी घेऊन खाली गेले. अण्णांनी ती घेतली आणि चिंच बोटानं चाचपली.

"चिंचोके काढलेत नव्हं? ओरखडा पडेल."