ऐकीव गाणी ग्राह्य नाहीत

आमच्या परवाना कार्यालयात दर शनिवारी दुपारी, कामकाज संपल्यावर, अल्पपरिचित आवडत्या गाण्यांचं मंडळ भरतं. कामकाज संपल्यावर म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर. जागा दुसऱ्या मजल्यावरची, नादुरुस्त पंखे ठेवण्याची खोली. पंखे भिंतीला टेकून उभे असतात, आम्ही खुर्च्यांना टेकून बसलेले असतो, आणि दारातून डोकावणाऱ्याला दोघांतला फरक चटकन कळत नाही. मी या मंडळाचा कार्यवाह. कार्यालयात माझ्याकडे लोकांच्या हरकती नोंदवून घेण्याचं काम आहे. त्यामुळे गाण्यातल्या हरकतीही याला कळत असणार, अशा समजुतीने माझी एकमताने निवड झाली. मी ती समजूत मोडली नाही.

सुरुवातीला सगळा कारभार फारच ढिसाळ होता. एखाद्याला आवडणारं आणि इतरांना ठाऊक नसेल असं गाणं तो घेऊन यायचा, लघुलेखिकाबाईंच्या स्पीकरवर लावायचा आणि आम्ही ऐकायचो. कुणी रॉक आणायचं, कुणी खलाशांची गाणी, कुणी नुसत्या शिट्टीवरची मेंढपाळांची चाल. रोखपालांनी एकदा एका ट्रम्पेटवर वाजवलेलं शोकगीत आणलं होतं, ते ऐकून आवक-जावक विभाग चक्क वेळेवर घरी गेला. आवडलं तर ‘वा’ म्हणायचं, नाही आवडलं तर ‘वेगळं आहे’ म्हणायचं, झालं. नियम नाहीत, उपसमिती नाही, इतिवृत्त नाही. असं मंडळ फार दिवस टिकत नसतं.

एका शनिवारी रोखपालांनी एक जुनं रॉक गाणं आणलं. हे गाणं जगात मोजक्याच लोकांना माहीत आहे, असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीला लघुलेखिकाबाई सहज म्हणाल्या, की अरे, हे तर आमच्या इस्त्रीवाल्याकडे वाजत असतं. तिजोरी रात्रभर उघडी राहिल्याचं कळावं तसा रोखपालांचा चेहरा झाला. पुढे कितीतरी दिवस ते बाईंशी बोलले नाहीत. बाईंनी बिचाऱ्यांनी इस्त्रीवाला बदलला. पण मंडळाची अब्रू गेली ती गेलीच.

आमचे उपअधीक्षक साहेब हे मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष. त्यांनी सोमवारीच मला आत बोलावलं. इस्त्रीवाल्याला जे गाणं आवडतं तेच आपल्याला आवडत असेल, तर आपण एवढ्या खात्यांतर्गत परीक्षा दिल्या कशाला, असा त्यांचा मूलभूत प्रश्न होता. त्याच दिवशी उपसमिती नेमली गेली. ठरलं असं, की यापुढे कोणतंही गाणं मांडण्यापूर्वी ते आपल्याला माहीत नसल्याचा दाखला तीन प्रतिष्ठित व्यक्तींकडून आणावा.

नियम चांगला होता, पण त्यात एक पेच होता. गाणं माहीत नाही हे सांगण्यासाठी ते ऐकायला हवं, आणि ऐकलं की ते माहीत झालं. मग दाखला देणाऱ्याने गाणं न ऐकताच दाखला द्यावा, अशी दुरुस्ती करण्यात आली. आमच्या कार्यालयात ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असल्यामुळे कुणालाच अवघड गेलं नाही. साहेबांनी आणखी एक बारकावा घातला. दाखला देणारा संगीताचा जाणकार असला पाहिजे. अडाण्याच्या अज्ञानाला किंमत नसते, जाणकाराचं अज्ञान हवं. झालं, जाणकारांमध्ये चढाओढ लागली. काल-परवापर्यंत प्रत्येक गाण्यावर मान डोलावून ‘हे माझ्याकडे आहे’ म्हणणारे लोक, आता तुमच्यापेक्षा मला किती जास्त गाणी माहीत नाहीत, हे छाती पुढे काढून सांगू लागले. यात रोखपाल सगळ्यांच्या पुढे निघाले. त्यांना ज्येष्ठ अनभिज्ञ ही पदवी देण्यात आली आणि त्यांची गेलेली अब्रू सव्याज परत आली.

एवढ्यावर भागलं असतं. पण सभासद भलतीच गाणी सुचवू लागले. माझ्या साडूच्या मित्राकडे एक गाणं आहे म्हणे, फार सुंदर आहे म्हणे. अशा ‘म्हणे’वाल्यांना आळा घालावा म्हणून मी सेवा नियमांच्या पुस्तकातलं एक वाक्य उचललं, माहितीच्या जागी गाणी घातली आणि फळ्यावर लिहिलं: ‘ऐकीव गाणी ग्राह्य धरली जाणार नाहीत.’ हेतू इतकाच होता, की दुसऱ्याच्या तोंडून कळलेली गाणी आणू नयेत.

साहेब त्या वाक्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी आम्हा सर्वांना जमवलं.

“कोरलेलं ते काय?” त्यांनी विचारलं.

“कोरीव,” लघुलेखिकाबाई म्हणाल्या.

“आखलेलं?”

“आखीव.”

“मग ऐकलेलं ते काय?”

रोखपाल हळूच म्हणाले, “ऐकीव.”

मी भीत भीत सांगायला गेलो, की साहेब, या शब्दाचा अर्थ तसा होत नाही, लोक तो वेगळ्या अर्थाने वापरतात. साहेब म्हणाले, लोक परवान्याशिवाय पुष्कळ गोष्टी वापरतात. यावर मी गप्प बसलो, कारण माझी बढती त्या सुमारास साहेबांच्या टेबलावर होती.

तेव्हापासून मंडळात ऐकलेलं गाणं चालेनासं झालं. न ऐकलेलं गाणं आवडतं कसं असेल, अशी शंका एका नवख्या सभासदाने काढली. त्याला साहेबांनी विचारलं, की तुमचं लग्न बघून झालं की न बघता? तो मुकाट्याने खाली बसला. शनिवारचा कार्यक्रम पूर्वीपेक्षा देखणा होऊ लागला. गाण्याचं नाव आणि प्रकार जाहीर व्हायचा, मग गाण्याच्या लांबीइतका वेळ आम्ही आदराने शांत बसायचो. रॉक असेल तर माना जोरात हलवायच्या, अंगाईगीत असेल तर हळू. लघुलेखिकाबाईंना एका विरहगीताच्या वेळी हुंदका आवरला नाही. स्पीकर त्यांनी घरी नेला होता.

अशात एके संध्याकाळी माझी धाकटी बहीण घरी आली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, रॉक गाते. घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो, ते नाव ती दोन महिन्यांची असताना पडलं होतं आणि त्यानंतर तिचा आवाज कुणी विचारात घेतला नाही. तिने, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने आणि वायरिंगची कामं करणाऱ्या एका मुलाने मिळून एक गाणं बसवलं होतं. ड्रम तो वायरमन वाजवायचा. आता त्याचा भाऊ त्याला दुसऱ्या गावी आपल्या दुकानात बोलावत होता. आपलं ऐकणारं कुणी आहे असं एकदा जरी दिसलं तर मी राहतो, नाहीतर ड्रम विकून जातो, असं तो म्हणाला होता. ड्रम गेले की तिघांचं गाणं संपलं.

“दादा, तुमच्याकडे एवढी दर्दी माणसं जमतात,” बहीण म्हणाली. “एकदा त्यांना ऐकू दे. आवडलं नाही तर नाही. पण ऐकू दे.”

ती कधी काही मागत नाही. मला गलबलून आलं आणि मी शब्द दिला. गाणं खरोखरच कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा अल्पपरिचितपणाची अडचण नव्हती. अडचण ऐकीवपणाची होती.

पहिली हरकत अशी, की गाणाऱ्यांनी स्वतः ते ऐकलेलं असणार. मी भाचीला विचारलं. ती हसून म्हणाली, मामा, ड्रम एवढे जवळ असतात की आम्ही कानात बोळे घालूनच वाजवतो. हे मी जसंच्या तसं उपसमितीपुढे ठेवलं. समिती भारावून गेली. स्वतःचं गाणं स्वतः न ऐकण्याची अशी निष्ठा आजच्या पिढीत उरलेली नाही, असं साहेब म्हणाले. दुसरी हरकत आईवडिलांची. ते दाराआडून रोज ऐकत होते. पण घरात कोण कुणाचं ऐकतं, असं रोखपालांनी विचारलं, आणि समितीतले सगळेच संसारी असल्यामुळे तो मुद्दा तिथल्या तिथे निकाली निघाला.

तिसरी हरकत मात्र जबर होती. बहिणीच्या वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. त्यांनी या गाण्याविरुद्ध तक्रार केली होती, म्हणजे त्यांनी ते ऐकलं होतं, आणि त्याला लेखी पुरावा होता. त्यांना बोलावण्यात आलं. ते तणतणत आले. साहेबांनी अतिशय मऊ आवाजात विचारलं, “डॉक्टर, आपण हे गाणं ऐकलंत?”

“गाणं?” दंतवैद्य म्हणाले. “त्याला गाणं म्हणतात? नुसता गोंगाट आहे तो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी जे ऐकलं ते गाणं नव्हतं, हे त्यांच्याच तोंडून सिद्ध झालं. मी मनोमन त्यांचे पाय धरले. भाचीचं गाणं एकमताने मंजूर झालं. इतकंच नव्हे, तर मंडळाच्या स्थापनेपासूनचं सर्वांत अल्पपरिचित गाणं म्हणून त्याला मानपत्र देण्याचं ठरलं. मी आनंदाने बहिणीला फोन केला. ती नुसती नाक ओढत राहिली.

शनिवारी तिघं आली. वायरमनने दोन मजले ड्रम चढवले, पंखे सरकवून जागा केली. भाचीने गिटारची वायर सोडली आणि प्लग कुठे आहे म्हणून विचारलं. आधी मानपत्र ऐकून घ्या, असं साहेब म्हणाले, आणि त्यांनी ते वाचलं. या गाण्याबद्दल बोलायला शब्द अपुरे आहेत, असं त्यात होतं, आणि ते अगदी खरं होतं, कारण कुणालाच त्यातलं काही माहीत नव्हतं. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या बहिणीने डोळे पुसले.

“आता आपण गाण्याच्या लांबीइतका वेळ आदराने बसू,” साहेब म्हणाले.

आम्ही बसलो. माना हलू लागल्या.

“आणि वाजवायचं कधी?” भाचीने विचारलं.

साहेबांनी तिला समजावलं, की पोरी, ज्या क्षणी हे वाजेल त्या क्षणी ते ऐकीव होईल, मग मानपत्र कशाचं राहणार? तुझ्या भल्यासाठीच सांगतो. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्ताच्या कागदाकडे पाहिलं. मग तिने वायरमनकडे पाहिलं, त्याने काड्या उचलल्या, आणि त्यांनी सुरू केलं.

साहेबांनी झटकन कानांवर हात ठेवले. त्यांच्या पाठोपाठ रोखपालांनी, लघुलेखिकाबाईंनी, सगळ्या खोलीने ठेवले. कुणाच्या मनात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. एवढं दुर्मिळ गाणं आपल्यामुळे खराब होऊ नये, हीच प्रत्येकाची तळमळ होती. काहींनी तर डोळेही मिटले. मीही दोन्ही तळवे घट्ट दाबून धरले. खुर्ची अंगाखाली थरथरत होती, पंख्यांची पाती हलत होती. भाचीच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या. मध्येच एका ठिकाणी तिने डोळे मिटले, वायरमनच्या काड्या अगदी सावकाश झाल्या, आणि माझी बहीण रडता रडता हसली. त्या ठिकाणी गाण्यात नेमकं काय झालं, ते मला सांगता येणार नाही.

संपल्याचं आम्हाला त्यांच्या हातांवरून कळलं. मग हात काढून आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या, इतक्या वाजवल्या, की खालून चौकीदार धावत आला. ‘गाणं शाबूत राहिलं,’ असं साहेब सद्गदित होऊन म्हणाले.

भाची वायर गुंडाळत माझ्यापाशी आली. “मामा, तू तरी ऐकलंस?”

“अगं, कार्यवाहानेच ऐकलं तर बाकीच्यांनी काय करायचं?” मी म्हणालो.

तिने गुंडाळलेली वायर पिशवीत टाकली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याची नोंद घेण्याची सोय इतिवृत्तात नाही.

वायरमन भावाकडे निघून गेला. ड्रम दंतवैद्यांनी विकत घेतले. वाजवायला नव्हे, दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून. भाची आता एका विमा कचेरीत फोन घेते, दिवसभर लोकांचं ऐकून घेते. बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलंय. त्या दिवशीचं गाणं तिने आपल्या फोनवर उतरवून घेतलं होतं, म्हणे. कुणीही मागितलं तर ती लगेच लावून दाखवेल. अजून कुणी मागितलेलं नाही.

आता तुम्ही मला नावं ठेवत असाल. खुशाल ठेवा. साहेबांना हसा, रोखपालांना हसा. पण माझी ही एवढी लांबलचक हकिकत तुम्ही शांतपणे वाचलीत. साहेबांचं व्याकरण समजून घेतलंत, डॉक्टरांची साक्ष कान देऊन ऐकलीत. त्या पोरीच्या गाण्याचे शब्द काय होते, ते कशाबद्दल होतं, निदान त्याचं नाव काय, हे मी कुठेच सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही एकदासुद्धा थांबून विचारलं नाहीत. आम्हाला निदान कानांवर हात तरी ठेवावे लागले.