गुहेतला गारवा, बिळातला उकाडा

तर बाळांनो, एका जंगलात ऐन वैशाखात सिंहमहाराजांनी गुहेत एसी बसवून घेतला. बसवायला घोरपड आली. भिंतीवर चढायला तिला शिडी लागत नाही.

गुहेच्या मागच्या बिळात मुंगूसबाई राहायच्या. त्यांच्या तीन पिल्लांनी अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते. एसीचा बाहेरचा डबा नेमका बिळाच्या तोंडाशी आला. दिवसभर गरम झोत. दोन दिवसांत पिल्लं दूध पिईनाशी झाली.

मुंगूसबाई घाबरल्या आणि तडक दरबारात गेल्या. दार सताड उघडं, आत सगळे शाली पांघरून बसलेले.

"महाराज, माझं बीळ तापलंय. पिल्लं वाचायची नाहीत."

"तापलंय?" प्रधान तरस म्हणाले. "बाई, इथे आमचे दात वाजताहेत."

घोरपडीला बोलावलं. ती म्हणाली, "महाराज, हे यंत्र गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलतं आणि मागे नेऊन टाकतं. दार लावा, पंचवीसवर ठेवा. पंचवीस झालं की ते आपणहून थांबेल. पुन्हा उकडू लागलं की चालू होईल. मधल्या वेळात बाईंनाही जरा श्वास घेता येईल."

"आम्ही सोळावर ठेवलंय," महाराज म्हणाले. "लवकर गार व्हावं म्हणून."

"त्याने वेग वाढत नाही, महाराज. उघड्या दारात सोळा कधी होतच नाही, म्हणून ते थांबत नाही, एवढंच."

"राजाने पंचवीसवर बसायचं, तर प्रजेने कितीवर?" प्रधानांनी विचारलं.

महाराज मनाने वाईट नव्हते. ते स्वतः उठून मागे गेले, क्षणभर झोतात उभे राहिले आणि आयाळ पुसत परत आले.

"फारच उकडतं हो तिथे," ते म्हणाले. "बाईंनाही एक एसी द्या."

दिला. पिल्लं त्याच संध्याकाळी दूध प्यायली. मुंगूसबाईंनी घोरपडीला दुवा दिला आणि यंत्र पंचवीसवर ठेवलं. मग चोवीसवर. मग, पिल्लांसाठी म्हणून, सोळावर.

त्यांचा डबा साळिंदराच्या दारात आला होता. आठव्या दिवशी साळिंदर घामाघूम होऊन आला.

"वहिनी, जीव जायची वेळ आलीय हो."

मुंगूसबाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पिल्लांवरची गोधडी सारखी केली. मग काळजीने म्हणाल्या, "भावजी, प्रकृती दाखवून घ्या कुणाला तरी. एवढ्या थंडीत घाम येणं बरं नव्हे."

तात्पर्य : शेजारी उकडतंय म्हणू लागला, तर त्याच्या घरी जाऊ नये. आपल्या खोलीतला आकडा पाहावा. शेजारी खोटं बोलतोय, हे त्यावरून अचूक कळतं.