लोखंडे मामांचं विरजण

आमच्या कॉलेजातले लोखंडे मामा लोकांकडे पू मागत. तेही चहा मागावा तितक्या सहज. बेलापूरच्या बाजारात मानेला पट्टी बांधलेलं कुणी दिसलं की मामा पिशवी खाली ठेवायचे. "गळू हाय का? पिकलंय? मग वाईच कापसावर द्या की. तुमच्या काय कामाचं हाय ते?" लोक शिव्या घालत. मामा शांतपणे म्हणत, "ऱ्हाऊ द्या. फुटलं की सांगा."

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी नगरहून तिथे केमिस्ट्री शिकवायला गेले, तेव्हा माझ्या अंगठ्याला नखुरडं झालेलं. मामा प्रयोगशाळेचे शिपाई. त्यांनी नमस्काराच्या आधी अंगठा बघितला. मी आपली नवी, कुणाला नाही म्हणायची सवय नव्हती. दोन दिवसांनी बॉटनीच्या फ्रिजमध्ये डोकावले तर एका काचेच्या नळीवर चिठ्ठी: "नव्या म्याडम, नखुरडं, उजवा अंगठा." अशा सव्वीस नळ्या होत्या. बापूराव कंडक्टर, कान. तलाठ्याची सासू, टाच. गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी त्या फ्रिजमध्ये मुक्कामाला होती म्हणा ना!

नळीतले जंतू जिवंत राहावेत म्हणून दर पंधरवड्याला ते ताज्या खाद्यावर उतरवावे लागतात. मामा त्याला विरजण लावणं म्हणत. खाद्य घरगुती. वाण्याकडचं चायनाग्रास आणि हाडांचं पाणी, बिनमिठाचं. मामा माळकरी, आणि दर पंधरवड्याला खाटकापुढे उभे! वारकऱ्यांपैकी कुणीतरी हटकलंच. मामा म्हणाले, "मी कुठं खातोय? माझ्या पाव्हण्यांना लागतं." झालं, लोखंडेंकडे कोण पाहुणे आलेत याची गावभर चर्चा.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर पाल्यासाठी. मामा प्रवरेच्या काठाने हिंडून कडुनिंब, रुई, टणटणी, काय वाटेल ते खुडून आणत आणि काढा उकळत. आधी नुसता काढाच जंतूंवर टाकून बघत. एकदा पोरांच्या प्रॅक्टिकलनंतर ब्युरेटमध्ये उरलेलं सिल्व्हर नायट्रेट त्यांनी निर्गुडीच्या काढ्यात ओतलं. फेकवेना म्हणून, दुसरं काही नाही. तासाभरात पिवळसर काढा चहासारखा तपकिरी झाला. त्याचा एक थेंब जंतू पसरलेल्या काचेच्या ताटलीत टाकला, तर दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती गोल स्वच्छ जागा. एक जंतू नाही. मामा तिला अंगण म्हणत. "म्याडम, बापूरावच्या कानाला अंगण पडलं!" असं ओरडत ते एकदा माझ्या चालू तासात घुसले होते.

पाल्याच्या रसाने चांदी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांत उतरते, ते कण जंतू मारतात, आणि त्यांना नॅनो म्हणायचं, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. तेव्हा मी मामांना एवढंच सांगितलं होतं, की मामा, बोटं सांभाळा. ऐकतील तर शपथ. चांदीच्या पाण्याने त्यांची बोटं कायम काळी. लग्नाच्या पंगतीत त्यांना कुणी वाढायला उभं करत नसे.

पंचवीस नळ्यांवर त्यांनी हे तपकिरी पाणी लावून बघितलं. सव्विसावीवर नाही. तिच्यावर चिठ्ठीही नव्हती, पण विरजण मात्र सगळ्यांत आधी तिचं. मी विचारलं तर म्हणत, "तिची घाई न्हाई."

मग विद्यापीठाची तपासणी समिती येणार असं पत्र आलं. प्राचार्य स्वतः झाडाझडतीला निघाले. बॉटनीचा फ्रिज उघडला आणि समोरच चिठ्ठी वाचली: "प्राचार्य साहेब, गळू, बसायची जागा." मी शेजारीच उभी होते. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब लालबुंद. "मॅडम, उद्या सकाळच्या आत यातली एकही नळी राहता कामा नये. तुमच्या देखरेखीखाली नष्ट करा!"

मला वाटलं मामा कोलमडतील. कसले! त्यांनी मोठा प्रेशर कुकर स्टोव्हवर चढवला. नळ्या फेकण्याआधी जंतू मारावे लागतात, आणि आमच्याकडे त्यासाठी हा कुकरच होता. एकेकाचं नाव घेत ते नळ्या आत ठेवत होते. "चला बापूराव. चला तलाठीबुवांच्या सासूबाई. साहेब, तुमी जरा कडंला बसा." मी नळ्या मोजत होते. पंचवीस भरल्या.

"मामा, एक राहिली."

मामांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. "ही न्हाई, म्याडम."

"अहो, साहेब मला फाडून खातील!"

"खाऊ द्या," मामा म्हणाले. मग त्यांनाच ते बरं दिसलं नाही. ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले.

"ही आमच्या कारभारणीची. पायात बाभळीचा काटा मोडला हुता. अंगात साखर, तिनं दुखनं लपवलं. नगरला नेली तवर पाय काळा पडल्याला. डाक्टरनी जखमंचा बोळा तपासायला द्या म्हनून माझ्याच हातात दिला. त्यातलं वाईच मी ठिवून घेतलं. म्हटलं, हा कोन हाय त्याचं तोंड तरी बघू. चार दिसांनी ती गेली. ह्यो ऱ्हायला. आठ वर्सं झाली."

"मग इतकी वर्षं पाला उकळताय तो यालाच मारायला ना? औषध तर सापडलंय. लावा की एकदा."

"आन लागू पडलं तर?" मामांनी माझ्याकडे बघितलं. "निर्गुडी आमच्या परसात हाय, म्याडम. मोरीपाशीच. तिच्याच हातची लावल्याली. ती गेली तवाबी हुती तिथंच."

 नळी मी मागून घेतली आणि केमिस्ट्रीच्या तराजूच्या खोलीत, माझ्या कपाटात, कुलपात ठेवली. नोकरी नवी होती, भीती वाटत होती, पण ठेवली.

समिती दोन दिवस होती. आणि मी फार वाईट काम केलं. शास्त्र शिकलेल्या माणसाला राहवत नाही हेच खरं. पहिल्या संध्याकाळी मी त्या नळीतले जंतू एका ताटलीत पसरले आणि मामांच्या बाटलीतल्या तपकिरी पाण्याचा थेंब टाकला. उन्हाळा होता, वेगळी ऊब द्यायची गरज नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी उघडून बघितलं. अंगण पडलं होतं, चांगलं रुपयाएवढं, सारवून काढल्यासारखं. ताटलीत मेलेला जंतू माणसाच्या पायातही मेलाच असता असं नाही, हे मी वर्गात शिकवते. तरी ते अंगण मला बघवेना. घाईघाईने ती ताटली कुकरमध्ये उकळून काढली, धुतली आणि मांडणीवर उपडी घातली.

समिती गेली तशी सकाळी मामा आले. नळी उजेडात धरून बघितली आणि खिशात ठेवली. मग सवयीने मांडणीवरच्या ताटल्या मोजायला लागले. कुणी वापरत नसल्याने सगळ्या कोरड्या होत्या, एक तेवढी आतून ओलसर. ती हातात घेऊन ते थांबले.

"तुमी लावून बघितलं न्हाई ना, म्याडम?"

"नाही," मी म्हणाले. माझं मलाच ते खोटं वाटलं.

मामांनी खांद्यावरच्या पंच्याने ताटली पुसली. काठ पुसले, मधला भाग पुसला, परत काठ पुसले.

"बरं केलं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मलाही रडू आवरेना. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि पोरं दाराशी गोळा झाली. मी दार आतून लोटून घेतलं आणि त्यांना म्हटलं, थांबा जरा, अजून तयारी व्हायचीय.