माझा चकाकणारा पाय

काळमाशी ओळखण्यात माझा हात धरणारा काळ्या व्होल्टा नदीच्या काठी कोणी नाही. अक्षरं साठीला शिकलो, पण माशी त्याआधीपासून वाचता येते. पंखाच्या मुळाशी केसांचा झुबका असतो. फिकट असेल तर माशी गवताळ रानातली, माणसं आंधळी करणारी. काळा असेल तर जंगलातली, जरा सौम्य.

माझं काम सोपं. नदीकाठी एक पाय उघडा टाकून बसायचं आणि माशी चावायच्या आत नळीत धरायची.

त्या दिवशी कुमासीहून अफ्रिये मॅडम तपासणीला आल्या. फिकट झुबके निघाले तर डोळे वाचवणाऱ्या गावाच्या गोळ्या चालू, नाहीतर बंद. माझ्या थोरल्या भावाचे डोळे गोळ्या येण्याआधीच गेलेले. म्हणून मी धास्तावलो होतो.

दुपारपर्यंत नऊ माश्या धरल्या. मॅडमनी भिंग लावलं.

"सगळे काळे, आजोबा."

"शक्य नाही."

"मग तुम्हीच बघा."

बघितलं. कोळसा बरा.

शेजारी अकोल्गो बसला होता. तो फ्राफ्रा, मी दागाबा. एकमेकांची टर उडवणं हे आमच्या दोन्ही जमातींचं पिढीजात कर्तव्य. तो म्हणाला, "मॅडम, ह्याचं तंगडं बघून माश्यांनी दुखवट्याचे कपडे घातलेत."

मॅडम वहीत 'जंगली' लिहू लागल्या, तेवढ्यात नळी त्यांच्या बोटांतून सटकली.

"एवढी तेलकट कशी?"

मी पायाकडे पाहिलं. पाय उन्हात चकाकत होता. तेवढ्यात माझी बायको पोगनाआ जेवण घेऊन आली.

"पायाला काय लावलंस?"

"शिआच्या बियांचं लोणी. पहाटे तुम्ही घोरत होता तेव्हा चोळलं."

"अगं, पायावरच्या लोण्यात माशीचे केस भिजून काळे झाले!"

"होऊ देत. पाहुण्या बाईसमोर भेगाळलेला पाय पसरून बसणार? लोक म्हणतील, ह्याला बायको आहे की नाही?"

मग मॅडमची नजर अकोल्गोच्या पायावर गेली. बिचारा विधुर. दहा वर्षांत पायाला लोण्याचा थेंब नाही, नुसता आटलेला नाला. त्याला बसवलं. संध्याकाळपर्यंत चौदा माश्या, चौदाही फिकट.

गोळ्या वाचल्या. माझं काम मात्र अकोल्गोला गेलं.

परवा पोगनाआनं त्याच्यासाठी स्थळ आणलं. "नको वहिनी," तो म्हणाला, "बायको आली की पाय चकाकणार आणि काम जाणार."

मी आता त्याच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लिहितो. पाय मात्र माझा, उगाच कशाला लपवू, गावात सगळ्यात मऊ आहे.