तिऱ्हाईत पाहिजे

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सरपंच सर्जेरावांनी ग्रामसभेत स्वागत-कमानीचा विषय मांडला. खर्च तीन लाख. कवठे येमाईच्या अलीकडच्या या वाडीला यंदा पाच लाखांचा निधी आला होता. हात वर होणार, एवढ्यात वरच्या वस्तीच्या सदस्य रतनबाई उठल्या.

“भावजी, गेल्या साली व्यासपीठ दोन लाखांत व्हणार हुतं. लागले पाच. त्यात आमच्या वस्तीची पाण्याची पाइपलाइन गेली. आता आकडा तिऱ्हाईतानं काढायचा, मगच हात वर.”

“वहिनी, दिल्लीच्या संसदेला खर्चाचा आकडा काढणारं सवतं हापिस न्हाई, आन् आपल्या वाडीला कशाला?”

“त्यांनाबी पायजेच की. पर खासदाराची बायको टँकरमागं पळत न्हाई, म्हणून त्यांना घाई न्हाई.”

मागच्या रांगेतल्या बायका खदखदल्या. सर्जेरावांनी हसून मान डोलावली. “कबूल. फकस्त तो गावातल्या कुणाचा पावना नसावा. पंधरा दिवसांत घावला न्हाई, तर कमान मंजूर.”

ग्रामसेवक ज्ञानेशने कमान आणि पाइपलाइन या दोन्ही कामांसाठी तसा ठराव लिहिला. सर्जेराव का हसले, ते रतनबाईंना घरी गेल्यावर उमगले. या वाडीचा पावना नसलेला माणूस दोन तालुक्यांत शोधायचा होता.

कवठ्याच्या निवृत्त इंजिनिअरची बहीण सरपंचांच्या चुलतघरात दिलेली. राहूचा ओव्हरसियर खुद्द रतनबाईंचा मावसभाऊ. इनामगावचा एक जण कुणाचाच कुणी निघाला नाही. रतनबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग कळले, की या वाडीतल्या मुलीला तो बघायला आला होता आणि मुलीनेच नकार दिला होता.

“नातं न्हाई, पर राग हाय,” सर्जेराव म्हणाले. “राग बी नात्यातच धरत्यात.”

तेराव्या दिवशी दौंडमध्ये सायली सापडली. एका ठेकेदाराच्या ऑफिसात बांधकामांचे अंदाज काढणारी, माहेर-आजोळ सगळे दूर विदर्भात. ती टेप घेऊन आली, पाणी स्वतःच्या बाटलीतले प्यायली आणि दोन तासांत सरपंचांच्या ओट्यावर हिशेब मांडला. कमान आठ लाख सत्तर हजार.

“तिनाचे आठ कसे झाले?” सर्जेराव उसळले.

“तुम्ही खांब धरलेत, पाया धरला नाही. कमानीवरचे हत्ती धरलेत, पण सोंडा धरल्या नाहीत.”

रतनबाई खुदकन हसल्या.

“आणि काकू, तुमची पाइपलाइन तीन लाख पंच्याऐंशी हजार.”

“अगं, मी दीड म्हणले हुते! तू हाय तरी कुणाच्या बाजूची?”

“टेपच्या. वाटेत दोनशे मीटर खडक आहे, तो तुमचं ऐकणार नाही.”

रतनबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. पाच लाखांत कमान बसत नव्हती; पाइपलाइन बसत होती, वर एक लाख पंधरा हजार उरत होते. कमानीचा एवढा मोठा आकडा ऐकून त्यांना पहिल्यांदाच बरे वाटले. सभा येत्या रविवारी ठरली.

घोटाळा त्याच ओट्यावर झाला. सर्जेरावांच्या पत्नी साखरबाई सगळे ऐकत होत्या. “ह्यांच्या तोंडावर खरं बोलणारी पोरगी तीस वर्सांत पहिल्यांदा बघितली,” त्या म्हणाल्या. “आपल्या सत्यजीतला हीच करायची.”

त्यांच्या मनात काळे नव्हते. पण सर्जेरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोयरीक जुळली, की पोरगी पावनी. पावनी झाली, की ठरावाप्रमाणे तिचा आकडा बाद, आणि पंधरा दिवस संपल्यामुळे कमान मंजूर. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सायलीला मागणीचा निरोप धाडला.

रतनबाईंनी धावतपळत सायलीला फोन लावला. “पोरी, तुझं सोन्यासारखं व्हावं. पर रविवारनंतर!”

“काकू, मुलगा कसा आहे?”

रतनबाईंना मुलगा चांगला ठाऊक होता. सत्यजीत निर्व्यसनी, कष्टाळू, आईला मदत करणारा. खोटे सांगावे, तर आकडे खरे मागणाऱ्या त्याच.

“चांगला हाय गं,” त्या कळवळून म्हणाल्या. “लई चांगला हाय.”

शनिवारी ज्ञानेशने रविवारच्या सभेची विषयपत्रिका फळ्यावर लावली. विषय एक : वरच्या वस्तीची पाइपलाइन. विषय दोन : अंदाज काढणारी व्यक्ती नात्यात आल्यास पुढच्या कामांसाठी दुसरा तिऱ्हाईत कायमस्वरूपी नेमणे. दुसरा विषय रतनबाईंनी घातला होता, आणि त्यावर अनुमोदक म्हणून साखरबाईंची सही होती.

सायंकाळी सहापर्यंत दौंडहून होकार आला नव्हता, नकारही नाही. सकाळी मोटारसायकलवर तिकडे गेलेला सत्यजीत मात्र अजून परतला नव्हता.